स्लॅकिंग 3600 चा, मग 2500 च्या मॅचॅम्पकडून मार कसा खाल्ला?

प्रश्न : दादा, नमस्कार. मी नाशिकला असते, बँकेत नोकरी, वय 43. डॉक्टर रोज चाला म्हणाले म्हणून अकरावीतल्या भाच्याने माझ्या मोबाइलवर पोकेमॉन गो, म्हणजे बाहेर फिरत पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचा गेम, टाकून दिलं आणि आता चालणं राहिलं बाजूला, मी पोकेस्टॉपसाठी (गेममधल्या वस्तू मिळतात ती ठिकाणं) लांबचा रस्ता घेऊन घरी येते. चार महिने साठवलेलं सगळं स्टारडस्ट, म्हणजे पोकेमॉनची ताकद वाढवायला लागते ती पूड, मी एका स्लॅकिंगवर घातलं, तो 3600 सीपीचा (ताकदीचा एकूण आकडा) झालाय, माझ्याकडचा सगळ्यात मोठा. परवा भाच्याने त्याच्या 2500 च्या मॅचॅम्पने त्याला आरामात हरवलं. वर म्हणतो, मावशी, तुझा तर टू स्टार आहे, आयव्ही बघत नाहीस का, थ्री स्टारच्या खालचे सगळे ट्रान्सफर करून टाक आणि तुझ्याकडे जो फोर स्टार मडकिप आहे तो मला ट्रेड कर, तुला तो वापरता येणार नाही. हे आयव्ही वगैरे गेममध्ये नक्की कुठे लिहिलेलं असतं? मी खरंच सगळे काढून टाकू का?
— गोंधळलेली मावशी

उत्तर : ताई, आधी एक काम करा, भाचा काहीही म्हणो, हे पूर्ण वाचून होईपर्यंत एकही पोकेमॉन ट्रान्सफर करू नका. तो मडकिप तर अजिबात हातचा सोडू नका, त्याचं पुढे येतंच. भाच्याला आयव्ही माहितीये, चांगली गोष्ट आहे, पण तुम्ही आयव्हीमुळे हरलाच नाहीत. त्याने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली, आणि ती पण कमी महत्त्वाची अर्धी.

आता स्लॅकिंगचं बघा. त्याच्या पानावर खाली जा, सीपीच्या खाली बरंच काय काय आहे ते सोडून मूव्ह्जपर्यंत, म्हणजे त्याच्या हल्ल्यांपर्यंत, या. पहिली फास्ट मूव्ह दिसेल, यॉन. यॉन म्हणजे जांभई. त्याच्यासमोर डॅमेजचा आकडा किती आहे बघा. शून्य. म्हणजे तुम्ही स्क्रीनवर बोट आपटून आपटून दमलात आणि तो तेवढा वेळ समोरच्याच्या तोंडावर जांभया देत उभा होता. यॉनने एनर्जी भरते, ती भरली की चार्ज्ड मूव्ह मारता येते, पण तुमच्याकडे हायपर बीम असेल तर ती भरायलाच इतका वेळ लागतो की तोवर समोरचा अर्धं काम उरकतो, आणि शेवटी तुम्ही ती मारली की भाचा शिल्ड वापरून ती अडवतो, झालं, गेलं सगळं फुकट. हे मुद्दाम केलेलं आहे बरं का. मूळ गेम्समध्ये स्लॅकिंगचे आकडे इतके दांडगे आहेत की त्याला आळशी करून ठेवलाय, एकदा मारतो आणि पुढच्या खेपेला नुसता लोळत पडतो. गोमध्ये ते जमणार नव्हतं म्हणून त्याच्या गळ्यात ही जांभई बांधली. आणि सीपी काढताना मूव्ह्ज धरतच नाहीत, त्यामुळे वर आकडा 3600 दिसतो आणि खाली हा असा कारभार.

सीपी हे दहावीच्या टक्क्यांसारखं आहे, एकूण आकडा भारी दिसतो पण गणितात किती आणि भाषेत किती ते त्यातून कळत नाही. आत तीनच गोष्टी असतात, अटॅक, डिफेन्स आणि एचपी (किती मार सोसतो ते), आणि चौथी म्हणजे पोकेमॉनची लेव्हल, जी गेम तुम्हाला सरळ आकड्यात दाखवतच नाही. या चौघांतून तो सीपी निघतो. नवीन माणूस सीपी बघून पोकेमॉन निवडतो कारण स्क्रीनवर सगळ्यात वर तोच मोठ्या अक्षरात असतो, त्यात तुमची काही चूक नाही.

दुसरं म्हणजे टाइप. स्लॅकिंग नॉर्मल टाइपचा, मॅचॅम्प फायटिंग टाइपचा, आणि नॉर्मलवर फायटिंग सुपर इफेक्टिव्ह. गोमध्ये सुपर इफेक्टिव्ह म्हणजे डॅमेज 1.6 पट. शिवाय पोकेमॉनने स्वतःच्याच टाइपची मूव्ह मारली तर आणखी 1.2 पट, हे तर गेम कुठे धडपणे सांगत पण नाही. 1.6 गुणिले 1.2, झाले 1.92. म्हणजे भाच्याच्या मॅचॅम्पचा प्रत्येक काउंटर (त्याची फायटिंग टाइपची फास्ट मूव्ह) जवळजवळ दुप्पट लागत होता आणि इकडून शून्य. तुमचा स्लॅकिंग फोर स्टार असता तरी हेच झालं असतं.

भाच्याचा हिशोब चुकता करायचा असेल तर राल्ट्स पकडून ठेवा. त्याचा शेवटी गार्डेव्हॉर होतो, तो सायकिक आणि फेअरी असा दोन टाइपचा आहे, आणि फायटिंगचा मार या दोन्ही टाइपना कमी लागतो. एका टाइपमुळे 0.625 पट, दोन्ही मिळून साधारण 0.39 पट. तिकडे मॅचॅम्पला सायकिक आणि फेअरी दोन्ही सुपर इफेक्टिव्ह बसतात. फास्ट मूव्ह चार्म किंवा कन्फ्यूजन असेल एवढं बघा. कमी सीपीचा असला तरी चालेल.

आता आयव्ही. भाच्याचा शब्द आहे तर नीट समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी तो काही बोलला तर तुम्हाला उत्तर देता येईल. प्रत्येक जातीच्या पोकेमॉनचे ठरलेले आकडे असतात, सगळ्या स्लॅकिंगचा मूळ अटॅक 290, डिफेन्स 166, एचपीचा 284. त्यावर प्रत्येक पोकेमॉनला जन्मतः तिन्हीत 0 ते 15 मधला एकेक आकडा जास्तीचा मिळतो, तोच आयव्ही. तो नंतर पॉवर अप करून, खाऊ घालून, इव्हॉल्व्ह करून (पुढच्या रूपात नेऊन) बदलत नाही. बघायचं कुठे, तर पोकेमॉनच्या पानावर खाली कोपऱ्यात मेनू आहे, त्यात अप्रेझ. तुमच्या टीमचा लीडर येऊन काहीतरी गोड बोलेल, ते सोडा, त्याच्या बाजूला तीन पट्ट्या दिसतील त्या बघा. प्रत्येक पट्टीचे तीन भाग, प्रत्येक भाग 5 चा. पट्टी पूर्ण भरली म्हणजे 15, मग तिचा रंगच बदलतो. तिन्हीची बेरीज 45 पैकी किती यावर स्टार मिळतात, 37 ते 44 थ्री स्टार, 30 ते 36 टू स्टार, 23 ते 29 एक स्टार, त्याखाली शून्य. पूर्ण 45 झाले की फोर स्टार, त्यालाच मुलं हंडो म्हणतात, हंड्रेड पर्सेंटचं लहान रूप.

तर समजा तुमचा टू स्टार स्लॅकिंग तिन्हीत 11 चा आहे. त्याचा अटॅक 290 अधिक 11, म्हणजे 301. हंडोचा 305. एवढ्या फरकासाठी तो पोरगा तुमचं डोकं खातोय. 301 आणि 305! मला हे आयव्हीचं वेड कळतं, कलेक्शन करणाऱ्याला फोर स्टार मिळाल्यावर जे वाटतं ते वाटतंच, जंगली पोकेमॉनमध्ये हंडो मिळायची शक्यता 4096 मध्ये 1 आहे त्यामुळे नाचावंसं वाटणं साहजिक आहे. पण जिंकायचं असेल तर आधी टाइप, मग मूव्ह्ज, मग लेव्हल, आणि हे सगळं सारखं असेल तेव्हा कुठे आयव्ही. ऑनलाइन लोक उलट्या क्रमाने शिकवतात कारण आयव्हीचा आकडा पटकन सांगता येतो, दाखवता येतो, स्क्रीनशॉट टाकता येतो.

तसं हे लपवाछपवीचं प्रकरण जुनं आहे. 1996 साली जपानमध्ये गेम बॉयवर पोकेमॉनचे पहिले गेम आले तेव्हापासून हे 0 ते 15 चे आकडे आत होते आणि स्क्रीनवर कुठेच नव्हते, लोकांनी वह्यांमध्ये हिशोब करून शोधून काढले. गो 2016 मध्ये आलं, आपल्याकडे डिसेंबरात, तेव्हाही लीडर नुसती गोलगोल वाक्यं बोलायचे आणि त्यावरून अंदाज बांधायचा. पट्ट्या आणि स्टार 2019 मध्ये आले. म्हणजे तुम्ही सोप्या काळात आलात.

आता महत्त्वाचा भाग, थ्री स्टारखालचे सगळे काढून टाक हा सल्ला चुकीचा का. भाच्याशी तुम्ही खेळलात ती मास्टर लीग असणार, तिथे सीपीला मर्यादा नाही. पण ग्रेट लीग म्हणून एक आहे, तिथे 1500 च्या वरचा पोकेमॉन चालत नाही, आणि नवीन माणसाने खेळायची असेल तर खरं म्हणजे हीच, कारण कमी डस्टमध्ये टीम होते. सीपी काढताना अटॅक जसाच्या तसा गुणतात, पण डिफेन्स आणि एचपीचं वर्गमूळ घेतात. त्यामुळे अटॅक जास्त असलेला पोकेमॉन 1500 ला लवकर जाऊन टेकतो. अटॅक कमी आणि बाकी दोन बरे असतील तर तोच पोकेमॉन आणखी वर जाऊ शकतो, सीपी तेवढाच दिसतो पण आतली लेव्हल जास्त.

तुमच्याच मडकिपचं उदाहरण घ्या, तो पुढे स्वॉम्पर्ट होतो. हंडो स्वॉम्पर्ट, 15/15/15, लेव्हल 17.5 ला 1487 सीपीवर थांबतो, अजून एक पॉवर अप मारला की 1500 च्या बाहेर. आणि 0/14/11 चा स्वॉम्पर्ट, अटॅकची पट्टी पूर्ण रिकामी, बेरीज फक्त 25, म्हणजे गेमच्या भाषेत एक स्टारवाला, भाच्याच्या भाषेत कचरा, तो लेव्हल 19 पर्यंत जातो आणि सीपी 1489. त्याचा अटॅक हंडोपेक्षा थोडा कमी राहतो पण डिफेन्स आणि एचपी जास्त, आणि एकूण तिन्हीचा गुणाकार केला तर तो हंडोच्या पुढे निघतो, फार नाही, तीन टक्के असेल, पण पुढेच. म्हणजे भाच्याचं ऐकून तुम्ही जे डिलीट करायला निघालात त्यात ग्रेट लीगसाठी चांगले कितीतरी असतील. अटॅकची पट्टी रिकामी आणि बाकी दोन भरलेल्या असे दिसले की त्यांना एक टॅग लावून बाजूला ठेवा, नंतर बघू. बाकीच्या एक स्टारवाल्यांपैकी ज्या जातीचे ढीगभर आहेत ते खुशाल ट्रान्सफर करा, कँडी मिळते, जागा होते.

मडकिपला आत्ता स्वॉम्पर्ट करू नका, एवढं नीट लक्षात ठेवा. इव्हॉल्व्ह केल्यावर मूव्ह्ज नव्याने मिळतात, कुठल्या मिळतील ते आपल्या हातात नसतं, आणि स्वॉम्पर्टची खरी मूव्ह हायड्रो कॅनन, ती नेहमी मिळत नाही. कम्युनिटी डे सारख्या ठरावीक इव्हेंटच्या वेळेत इव्हॉल्व्ह केलं तरच मिळते, नाहीतर एलिट टीएम नावाची वस्तू खर्च करावी लागते जी सहज हाती लागत नाही. सगळ्या सुरुवातीच्या गवत, आग, पाणीवाल्यांचं हेच आहे, फ्रेन्झी प्लांट, ब्लास्ट बर्न, हायड्रो कॅनन. म्हणून चांगला दिसला की लगेच इव्हॉल्व्हचं बटण दाबायची जी सवय असते ना, ती सोडा, थांबण्यात काही जात नाही. साध्या टीएमने मूव्ह बदलता येते, पण काय येईल ते नशिबावर, आणि स्लॅकिंगला फास्ट टीएम वापरायच्या भानगडीत पडू नका, त्याच्या नशिबी जांभईच आहे.

स्टारडस्ट गेलं ते गेलं, परत मिळत नाही. पण स्लॅकिंग अगदीच वाया नाही, त्याला जिममध्ये (नकाशावरच्या लढाईच्या ठिकाणी) बसवा, तिथे एचपीच्या जोरावर थोडा वेळ टिकतो, आणि जिममध्ये बसून दिवसाला जास्तीत जास्त 50 कॉइन मिळतात. तेही मोठ्या सीपीवाल्याचा उत्साह तिथे लवकर उतरतो म्हणा. पुढच्यासाठी अंदाज असू दे, एका पोकेमॉनला लेव्हल 1 पासून 40 पर्यंत न्यायला 2,70,000 डस्ट लागतं. पहिला पॉवर अप 200 चा आणि शेवटचे शेवटचे 10,000 चे. म्हणून सुरुवातीला मोठ्या सीपीच्या मागे लागू नका, जंगलात पकडतानाच जे वरच्या लेव्हलचे मिळतात तेच वापरा.

आणि ते मिळतात कधी, तर हवामान जुळलं की. नाशिकचा पाऊस तुमच्या कामाचा आहे. गेममध्ये पाऊस दाखवत असेल तेव्हा वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग टाइपला बूस्ट असतो, जंगली पोकेमॉन एरवी लेव्हल 30 पर्यंत मिळतात ते 35 पर्यंत मिळतात, आयव्हीची तिन्हीतली किमान पायरी 4 होते, म्हणजे हंडोची शक्यता 4096 ऐवजी 1728 मध्ये 1, आणि पकडल्यावर डस्ट 25 टक्के जास्त. ऊन असेल तर फायर, ग्रास, ग्राउंड. ढगाळ असेल तर फेअरी, फायटिंग, पॉयझन, म्हणजे तुमचा राल्ट्स. खिडकीबाहेर काय आहे ते नाही, गेममध्ये वर कोपऱ्यात कुठलं चित्र आहे ते धरायचं, दोन्ही जुळतीलच असं नाही. छत्री एका हातात आणि मोबाइल एका हातात असं रस्त्याच्या कडेने चालू नका बाकी, आडोशाला उभं राहून पकडा.

पकडण्यातही एक युक्ती आहे, ती बहुतेकांना कोणीतरी सांगावी लागते. बॉल फिरवून टाकला, म्हणजे कर्व्ह बॉल, की पकडायच्या हिशोबात 1.7 चा बोनस धरतात, शक्यता बरीच वाढते. नुसतं बोटाने गोल गोल फिरवून सोडायचं, एवढ्याचं हे. रॅझ बेरीचा (पकडताना पोकेमॉनला द्यायचं फळ) बोनस 1.5, ग्रेट बॉल 1.5, अल्ट्रा बॉल 2, म्हणजे साधा लाल बॉल फिरवून टाकणं हे ग्रेट बॉल सरळ टाकण्यापेक्षा भारी. एक्सलंट (सगळ्यात अचूक फेक) मारायचा असेल तर बॉल दाबून धरा, आतलं वर्तुळ लहान होईपर्यंत थांबा, मग बोट उचला, बॉल टाकू नका. वर्तुळ तिथेच गोठतं. आता पोकेमॉन हल्ला करतो तेव्हा थांबून बघा, त्याचं ते हातपाय झाडणं संपत आलं की टाका, बॉल पोचेपर्यंत तो जागेवर आलेला असतो. दोन दिवस चुकेल, मग हात बसतो.

राहता राहिला ट्रेडचा प्रश्न. भाच्याला हे माहीत असून तो मागतोय की त्यालाही माहीत नाही, देव जाणे, पण ट्रेड केला की आयव्ही नव्याने पडतात. तुमचा फोर स्टार मडकिप त्याच्याकडे गेला की तो फोर स्टार राहील याची काहीच खात्री नाही, एक स्टार पण होईल. तुमचा हंडो गेला आणि त्यालाही मिळाला नाही असं होणार. म्हणून हंडो कधीच ट्रेड करत नाहीत. याच्या उलट, दोघांकडे जे बेकार आयव्हीचे आहेत ते एकमेकांना द्या, त्यात सुधारायला वाव आहे. तुमची फ्रेंडशिप जितकी वरची तितकी किमान पायरी वर, बेस्ट फ्रेंड झालात की तिन्हीत कमीत कमी 5. आणि कधी कधी ट्रेड लकी होतो, मागे सोनेरी चमक दिसते, त्याला किमान 12/12/12 आणि पॉवर अपला डस्ट निम्मं. परदेशात कोणी नातेवाईक खेळत असतील आणि सुट्टीला येणार असतील तर टॉर्कोल साठवून ठेवा, तो आपल्या बाजूला मिळतो, युरोप अमेरिकेत जंगलात मिळत नाही, त्याच्या बदल्यात तिकडचा काहीतरी मागता येईल. मात्र ट्रेडसाठी साधारणपणे दोघं जवळजवळ उभे लागतात.

आयव्ही मोजायला म्हणून कुठल्याही ॲपला तुमचा लॉगिन पासवर्ड देऊ नका, अप्रेझच्या पट्ट्यांवरून आकडे वाचता येतात, लीगचे क्रम बघायला पीव्हीपोक नावाची साइट आहे, तिला लॉगिन लागत नाही.

आणि भाच्याला मडकिप द्यायला नाही म्हणताना एक गोष्ट मात्र मागा, एक मचोक. मचोक पकडून इव्हॉल्व्ह करायला 100 कँडी लागतात, तोच ट्रेडमध्ये मिळाला की शून्य कँडीत मॅचॅम्प होतो.